पार्क्स, स्पिल आणि हायट: सेल्युलॉइडचा शोध नेमका कोणाचा?

१८८४ साली न्यूयॉर्कच्या फेडरल सर्किट कोर्टात न्यायमूर्ती सॅम्युएल ब्लॅचफर्ड यांनी एका दाव्यात स्वतःचाच चार वर्षांपूर्वीचा निकाल फिरवला. दावा लावणारा होता डॅनिएल स्पिल हा इंग्रज कारखानदार आणि समोर होती अमेरिकेतल्या नेवार्क गावची सेल्युलॉइड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. भांडण होतं कापूस, आम्ल आणि कापूर यांच्यापासून तयार होणाऱ्या एका पदार्थावरून. १८८० मध्ये न्यायमूर्तींनी कंपनीने स्पिलच्या पेटंटावर अतिक्रमण केल्याचं म्हटलं होतं. १८८४ मध्ये त्यांनी ठरवलं की स्पिल ज्या कृतीवर हक्क सांगतो ती त्याच्या आधी अलेक्झांडर पार्क्सने आपल्या पेटंटांत लिहून ठेवलेली आहे, तेव्हा स्पिलचं पेटंट टिकत नाही. पार्क्स या दाव्यात वादीही नव्हता, प्रतिवादीही नव्हता. त्याची स्वतःची कंपनी या निकालाच्या सोळा वर्षं आधी बुडाली होती.

मानवनिर्मित प्लास्टिकचा आरंभ समजून घ्यायचा तर मी विद्यार्थ्यांपुढे बेकलाइटच्याही आधी हे प्रकरण ठेवेन. लिओ बेकलँडने १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बनवलेलं बेकलाइट हे पहिलं पूर्णपणे कृत्रिम प्लास्टिक, यात वाद नाही. सेल्युलॉइड त्या अर्थाने अर्धंच कृत्रिम आहे, कारण त्यातला मूळ सांगाडा झाडाने घडवलेल्या सेल्युलोजचा. पण बेकलँडची गोष्ट एका हुशार, आधीच श्रीमंत झालेल्या रसायनशास्त्रज्ञाची आहे आणि ती फार सरळ जाते. सेल्युलॉइडच्या बाबतीत जवळजवळ एकच पदार्थ तीन माणसांच्या हातून गेला. दोघांचं दिवाळं निघालं, तिसऱ्याने उद्योग उभा केला. पदार्थ तोच असताना फरक कुठे पडला?

मागणी आधी, माल नंतर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंड-अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरात फण्या, बटणं, सुऱ्यांच्या मुठी, पियानोच्या पट्ट्या, बिलियर्डचे चेंडू अशा वस्तूंची मागणी झपाट्याने वाढत होती. त्या बनत हस्तिदंत, कासवाचं कवच, शिंग आणि हाड यांपासून. पूर्व आफ्रिकेतला हस्तिदंत झांझिबारहून मोठ्या प्रमाणावर मुंबईला येई आणि इथून पुढे लंडनला रवाना होई. कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांचा त्या साखळीत मोठा हात होता. म्हणजे न्यूयॉर्कच्या क्लबात जो चेंडू टेबलावर घरंगळायचा, त्याचा दात मुंबई बंदरातून गेलेला असणं सहज शक्य होतं.

बिलियर्डच्या चेंडूला साधा हस्तिदंत चालत नाही. चेंडूचं वजन सगळीकडे सारखं पडायला हवं, म्हणून तो दाताच्या गाभ्यातून, मधली बारीक नळी नेमकी केंद्रात येईल असा कातावा लागतो. एका दातातून असे चेंडू थोडेच निघत. १८६३ च्या सुमारास फेलन अँड कोलेंडर या न्यूयॉर्कच्या बिलियर्ड साहित्याच्या कंपनीने हस्तिदंताला चांगला पर्याय शोधणाऱ्यासाठी १०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. हत्तींविषयीची कणव त्यामागे होती असं मानायला काही आधार दिसत नाही. कच्चा माल महाग होता आणि पुरत नव्हता, एवढं कारण पुरेसं होतं.

पर्यायाचं रसायन तोवर हाताशी आलं होतं. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या ख्रिश्चियन शोनबाइन या प्राध्यापकाने १८४६ मध्ये कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची क्रिया करून स्फोटक कापूस तयार केल्याचं जाहीर केलं. कापूस म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. सेल्युलोजच्या साखळीतल्या प्रत्येक ग्लुकोज एककावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात आणि त्यांतल्या किती जागी नायट्रेट बसतं यावर पदार्थाचा स्वभाव ठरतो. जवळजवळ सगळ्या जागा भरल्या तर स्फोटक कापूस. थोड्या कमी भरल्या तर तोच कापूस इथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळतो. या चिकट द्रावणाला कोलोडियन म्हणतात. जखमेवर ते लावलं की द्रावक उडून जाई आणि वर पातळ पापुद्रा राही. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवर कोलोडियन पसरून छायाचित्रं घेण्याची पद्धत दिली आणि हा पदार्थ डॉक्टरांइतकाच छायाचित्रकारांच्याही कपाटात आला.

बर्मिंगहॅमचा पार्क्स

अलेक्झांडर पार्क्स १८१३ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मला. धातूकाम आणि विजेचा मुलामा चढवण्याच्या धंद्यात तो मुरलेला होता. मुलाम्यातलं त्याचं कौशल्य असं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या नाजूक गोष्टीवरही त्याने चांदी चढवून दाखवली होती. वितळलेल्या शिशात जस्त घालून त्यातली चांदी वेगळी काढण्याची त्याची कृती आजही ‘पार्क्स प्रक्रिया’ याच नावाने शिकवली जाते. रबराला उष्णतेशिवाय पक्कं करण्याची कृतीही त्याने १८४६ मध्ये पेटंट केली होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण पार्क्सला पुष्कळदा धडपड्या हौशी माणूस म्हणून रंगवलं जातं. तो उत्तम दर्जाचा औद्योगिक रसायनज्ञ होता.

छायाचित्रणाच्या कोलोडियनमधला द्रावक उडून गेल्यावर मागे जो घट्ट, शिंगासारखा गोळा राहतो, त्याच्यावर पार्क्सची नजर गेली. इतरांना तो बाटलीच्या तळाशी साचलेला कचरा होता. पार्क्सने त्यात नवा कच्चा माल पाहिला. नायट्रोसेल्युलोज, म्हणजे आम्लांची क्रिया केलेला हा कापूस, द्रावकात मळून, त्यात तेल आणि रंग मिसळून, गरम असताना साच्यात दाबायचं, अशी त्याची योजना होती. १८५० च्या दशकाच्या मध्यापासून त्याने एकामागून एक पेटंटं घेतली आणि पदार्थाला स्वतःचं नाव दिलं: पार्क्साइन.

१८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात पार्क्साइनच्या फण्या, बटणं, सुऱ्यांच्या मुठी, पदकं मांडली होती. काही पारदर्शक, काही हस्तिदंतासारख्या, काहींवर कासवाच्या कवचासारखे चट्टे. परीक्षकांनी कांस्यपदक दिलं. १८६७ मध्ये पॅरिसला रौप्यपदक मिळालं. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये यातल्या काही वस्तू आजही आहेत आणि त्यांच्यावरची कारागिरी खरोखर सुंदर आहे.

अडचण सुरू झाली ती कारखान्यात. १८६६ मध्ये पूर्व लंडनच्या हॅकनी विकमध्ये पार्क्साइन कंपनी स्थापन झाली. प्रदर्शनातली वस्तू पार्क्सने वेळ घेऊन, स्वतः निवडलेल्या मालातून घडवली होती. भागधारकांना मात्र त्याने फार स्वस्त मालाचं आश्वासन दिलं होतं, अगदी पौंडभर वजनाला एक शिलिंग इतकं. हा दर गाठायचा म्हणून हलक्या प्रतीचा, नीट न धुतलेला कापूस घेतला जाऊ लागला. पदार्थ लवचीक राहावा म्हणून एरंडेलाचं प्रमाण वाढवलं. सगळ्यात घातक म्हणजे माल पुरेसा वाळवला नाही.

वाळवण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण सगळं प्रकरण तिच्याभोवती फिरतं. पार्क्सच्या पद्धतीत द्रवरूप द्रावक भरपूर लागे. तो द्रावक पुढे वस्तूतून बाहेर पडायचाच. पृष्ठभागावरचा आधी उडतो, वरचा थर घट्ट होतो, आतला अडकून राहतो आणि मग आठवडेच्या आठवडे हळूहळू झिरपत राहतो. जसजसा तो बाहेर पडेल तसतशी वस्तू आकसते, तीही सगळीकडे सारखी नाही. जाड भाग मागे राहतो, पातळ भाग ओढला जातो. फणीसारख्या वस्तूत, जिथे एका बाजूला जाड पाठ आणि दुसऱ्या बाजूला बारीक दाते, हा फरक सगळ्यात वाईट दिसतो. पार्क्साइनच्या फण्या दुकानात जाऊन काही आठवडे झाले की पिळवटून निघत आणि गिऱ्हाईक त्या परत आणून देई. १८६८ मध्ये कंपनी गुंडाळली गेली.

पार्क्सला पैसे कमी पडले, असं म्हणून हा विषय सोडून देता येतो. मला ते पटत नाही. पैसे आणखी मिळाले असते तरी फण्या वाकड्याच झाल्या असत्या. चूक दरातून आणि घाईतून आली होती, आणि त्याहून खोलवर द्रावकातून.

स्पिलचा हट्ट

डॅनिएल स्पिल हा पार्क्सच्या कारखान्याचा व्यवस्थापक. त्याच्या भावाचा जलरोधक कापडाचा धंदा हॅकनीतच होता आणि त्या निमित्तानेच तो पार्क्साइनकडे ओढला गेला. कंपनी बुडाल्यावर त्याने हक्क घेतले आणि १८६९ मध्ये झायलोनाइट कंपनी काढली. तीही १८७४ मध्ये बुडाली. तरी तो हटला नाही. छोट्या प्रमाणावर काम चालू ठेवलं आणि १८७७ मध्ये ब्रिटिश झायलोनाइट कंपनीच्या उभारणीत तो होता. ही कंपनी पुढे सफोकमधल्या ब्रँटममध्ये गेली आणि दीर्घकाळ टिकली.

स्पिलचं रासायनिक योगदान म्हणजे द्रावक म्हणून कापूर आणि अल्कोहोल यांची जोडी. १८६९ आणि १८७० मध्ये त्याने अमेरिकेतही पेटंटं घेऊन ठेवली. पुढच्या दाव्याचं बी इथे पेरलं गेलं.

छापखान्यातला हायट

जॉन वेस्ली हायट १८३७ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मला. व्यवसायाने तो मुद्रक होता, ऑल्बनीत काम करायचा. रसायनशास्त्राचं शिक्षण नाही. हात मात्र यंत्रात सतत गुंतलेला. लाकडाचा भुसा आणि लाख दाबून सोंगट्या बनवण्याचा उद्योग भावांनी मिळून आधीच सुरू केला होता. दाब आणि उष्णता देऊन भुकटीची एकसंध वस्तू करायची, ही गोष्ट त्याच्या हाताला आधीपासून ठाऊक होती. पुढे जे घडलं त्यात मला हा तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. (तेव्हा लाख जगभर पुरवणारा मुख्य देश भारत होता, म्हणजे त्या सोंगट्यांतही आपल्याकडच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरची लाख असणार.)

फेलन अँड कोलेंडरच्या बक्षिसाची बातमी वाचून हायट चेंडूंच्या मागे लागला. भुसा, कागदाचा लगदा, लाख असं बरंच करून पाहिलं. छापखान्यात बोटांना चरे पडू नयेत म्हणून कामगार कोलोडियन लावत. कपाटात बाटली कलंडून सांडलेलं कोलोडियन अंगठ्याच्या नखाएवढं जाड वाळलेलं दिसलं आणि तिथून कल्पना सुचली, असं त्याने पुढे सांगितलं. आधी त्याने दाबून केलेल्या चेंडूवर कोलोडियनचं रंगीत वेष्टण चढवलं. हे वेष्टण म्हणजे जवळपास नुसतं नायट्रोसेल्युलोज. पेटती सिगार टेकली तर भडका उडे. चेंडूवर चेंडू जोरात आपटला तर कधी कधी टिकली फुटल्यासारखा आवाज येई. कोलोरॅडोतल्या एका बिलियर्ड-सलूनच्या मालकाने त्याला कळवलं की आवाजाचं आपल्याला काही नाही, पण तो झाला की खोलीतला प्रत्येक जण पिस्तूल उपसतो. हा किस्सा हायटने स्वतः १९१४ मध्ये, रासायनिक उद्योगातलं मानाचं पर्किन पदक स्वीकारताना सांगितला.

बक्षीस त्याला मिळाल्याची नोंद नाही. पण चेंडू फसले, असा जो समज पसरला आहे तोही बरोबर नाही. त्याच्या चेंडूंच्या अलीकडच्या तपासणीत सेल्युलॉइडबरोबर गुरांच्या हाडांची पूड सापडली आहे. हाड मिसळल्याने वजन आणि उसळी हस्तिदंताच्या जवळ गेली आणि असे चेंडू अनेक दशकं विकले गेले.

आता कापराकडे. द्रावकात कापूर मिसळल्याचे उल्लेख हायटच्या आधी इतरांनी घेतलेल्या पेटंटांत होतेच. हायटने वेगळं केलं ते हे की द्रव जवळजवळ काढूनच टाकला. नायट्रोसेल्युलोजचा ओला लगदा कागदाच्या कारखान्यात दळतात तसा दळायचा, त्यात कापराची पूड आणि रंग मिसळायचे, दाबून पाणी काढायचं आणि मग हा कोरडा गोळा बंद साच्यात गरम करून दाबायचा. उष्णतेने कापूर वितळतो आणि त्याच क्षणी नायट्रोसेल्युलोजचा द्रावक होतो. थंड झाला की उडून जात नाही, साखळ्यांच्या मधल्या जागेत बसून राहतो. आकसणं जवळपास संपलं. जॉन आणि त्याचा भाऊ आयझेया यांनी १२ जुलै १८७० रोजी या कृतीचं पेटंट मिळवलं.

तयार मालात साधारण पाव भाग कापूर राहतो. देवघरात आरतीला जळतो तोच हा कापूर, तेव्हा तैवान आणि जपानमधल्या कापूरवृक्षांपासून काढलेला. तो घरंगळून जाणाऱ्या साखळ्यांना वंगण देतो, म्हणून उकळत्या पाण्याच्या उष्णतेला सेल्युलॉइड तिंबलेल्या कणकेसारखं मऊ पडतं, हवा तो आकार घेतं आणि निवलं की तो धरून ठेवतं. पुन्हा तापवलं तर पुन्हा मऊ. आज ज्याला थर्मोप्लास्टिक म्हणतात त्या वर्गातलं हे पहिलं यशस्वी व्यापारी उत्पादन.

बंद साच्यात स्फोटकाचा भाऊबंद तापवायचा म्हणजे जिवाशी खेळ. भांडवलदारांनी पाठवलेल्या प्रोफेसर सीली यांनी सगळं पाहून हायटला बजावलं की चुकून उष्णता जास्त झाली तर तू, ही इमारत आणि शेजारची मालमत्ता काही उरणार नाही. हायटने दुसऱ्याच दिवशी ठरवून ती उष्णता दिली. दाबयंत्राच्या आणि स्वतःच्या मध्ये चार इंच जाड फळी उभी केली, मागे बसला आणि साचा ५०० अंश फॅरनहाइटपर्यंत तापवला. सांध्यांतून वायू सुसाट बाहेर आले, खोली झोंबऱ्या धुराने भरली, पण साचा, यंत्र, इमारत आणि तो स्वतः शाबूत राहिले. प्रोफेसरइतकं आपल्याला माहीत नव्हतं याचा आनंद झाल्याचं त्याने म्हातारपणी सांगितलं. मी या प्रसंगाचा अर्थ ‘अज्ञानाचा फायदा’ असा घेत नाही. साचा बंद आणि दाब पुरेसा असला तर काय होईल याचा अंदाज हायटला होता, आणि तो फळीमागे बसून तपासण्याची तयारी होती. प्रोफेसरांचा इशाराही खोटा नव्हता. नेवार्कच्या कारखान्याला १८७५ मध्येच मोठी आग लागली.

कंपनी आणि तिची यंत्रं

पहिला बाजार निवडला तो दातांच्या कवळ्यांचा. तेव्हा कवळ्या कडक रबराच्या असत आणि त्यावरचे पेटंटधारक दंतवैद्यांकडून जाचक शुल्क वसूल करत. १८७० मध्ये ऑल्बनी डेंटल प्लेट कंपनी निघाली. सेल्युलॉइडचा रंग हिरडीसारखा गुलाबी करता येई हा फायदा. तोटा असा की तोंडात कापराची चव येई आणि गरम चहाने कवळी मऊ पडे. दातांवर कंपनी जगली नसती.

मार्शल लेफर्ट्स या न्यूयॉर्कच्या भांडवलदाराने पैसा घातला आणि १८७२-७३ च्या हिवाळ्यात कारखाना नेवार्कला हलला. पुढची वर्षं हायटने रसायनापेक्षा यंत्रांवर घालवली. मोठी लादी दाबून तिचे पातळ काप काढणारं यंत्र, नळ्या-कांड्या ओतणारं यंत्र, सेल्युलॉइडच्या दोन पत्र्यांच्या मध्ये वाफ सोडून पोकळ वस्तू फुगवणारे साचे. १८७२ मध्ये भावांनी पेटंट घेतलेल्या एका यंत्रात तापवून मऊ केलेला पदार्थ दट्ट्याने ढकलून तोंडातून साच्यात भरला जाई. आज भोसरीत किंवा वसईत बादल्या आणि झाकणं काढणाऱ्या इंजेक्शन मोल्डिंग यंत्रांची वंशावळ तिथवर जाते. काप केलेले पत्रे कोमट खोल्यांत आठवडेच्या आठवडे मुरवत ठेवत. पार्क्सने जो वेळ वाचवायला पाहिला, तो इथे उत्पादनखर्चातच धरलेला होता.

धंद्याची रचनाही विचारपूर्वक होती. मुख्य कंपनी पत्रे आणि कांड्या बनवी. वस्तू बनवण्याचे परवाने वेगळ्या कंपन्यांना: ब्रशवाल्यांना वेगळा, कॉलर-कफवाल्यांना वेगळा, शोभेच्या वस्तूंना वेगळा. कॉलर आणि कफ यांनी खरा पैसा दिला. कारकुनाला रोज पांढरी ताठ कॉलर लागे आणि धोब्याचा खर्च परवडत नसे. सेल्युलॉइडची कॉलर ओल्या फडक्याने पुसली की झालं. जाहिरातींत मात्र कंपनी हत्ती आणि कासव यांना जीवदान दिल्याचं सांगत असे. हस्तिदंताचा व्यापार त्याने थांबला नाही, पियानोच्या कारखान्यांनी शतक संपल्यावरही तो चालूच ठेवला.

दावा

स्पिलने १८७७ मध्ये कोर्टात धाव घेतली ती या भरभराटीच्या काळात. त्याचं म्हणणं: कापूर आणि अल्कोहोल यांनी नायट्रोसेल्युलोज विरघळवण्याचं पेटंट माझं आहे आणि कंपनी तेच वापरते. हायट बंधूंची मूळ कृती कोरड्या कापराची असली तरी कारखान्यात कापराबरोबर अल्कोहोल येऊ लागलं होतं, त्यामुळे आरोप निराधार नव्हता. १८८० चा कौल स्पिलच्या बाजूने गेला तो यामुळे.

फेरसुनावणीत कंपनीने पार्क्सची जुनी पेटंटं पुढे आणली. न्यायमूर्ती ब्लॅचफर्ड एव्हाना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर नियुक्त झाले होते, पण या प्रकरणाचा निकाल त्यांनीच दिला. पार्क्सने कापूर आणि अल्कोहोल यांचा वापर आधीच वर्णन केला आहे, मग तो नव्याने शोधल्याचा दावा स्पिलला करता येत नाही, हे त्याचं सार. स्पिल हरला. पण कंपनीलाही मूळ रसायनावर मक्ता सांगता येईना. दार सगळ्यांना उघडं झालं आणि पुढच्या काळात अमेरिकेत आणि युरोपात सेल्युलॉइडचे नवे कारखाने निघाले. स्पिल १८८७ मध्ये वारला, पार्क्स १८९० मध्ये.

कायद्याने न्यायमूर्ती बरोबर होते असं मला वाटतं. पेटंट कायदा एकच विचारतो: हे आधी कोणी लिहून ठेवलंय का? पार्क्सने लिहून ठेवलं होतं. पण पार्क्सच्या पेटंटांत द्रावकांची लांबलचक यादी आहे आणि कापूर त्या यादीतला एक. त्या एकातच सगळी किल्ली आहे हे त्याला उमगलं नव्हतं. स्पिलला ते निम्मं उमगलं, कारण त्याने कापूर पुढे आणला पण द्रव सोडला नाही. हायटने द्रव सोडला, कारण तो प्रयोगशाळेतून नव्हे, सोंगट्या दाबण्याच्या यंत्राकडून या पदार्थाकडे आला होता. त्याच्यासाठी मूळ प्रश्न ‘कशात विरघळतं’ हा नव्हताच. ‘दाबून एकजीव कसं होतं’ हा होता. म्हणून पहिल्या मानवनिर्मित प्लास्टिकचा पदार्थ पार्क्सचा आणि प्रक्रिया हायटची, असं मी म्हणेन. स्पिलबद्दल इतिहास थोडा निष्ठुर वागतो. दोनदा दिवाळं निघाल्यावरही इंग्लंडमध्ये हा उद्योग ज्याच्यामुळे जिवंत राहिला तो माणूस एवढीच ओळख त्याच्या वाट्याला आली, आणि माझ्या मते ती लहान नाही.

पुढे काय झालं

हायटने दोनशेहून जास्त पेटंटं घेतली. पाणी गाळण्याची यंत्रणा, उसाचा चरक, आणि मोटारींच्या काळात फार गाजलेलं रोलर बेअरिंग. तो १९२० मध्ये वारला.

सेल्युलॉइडचा सर्वांत मोठा उपयोग मात्र त्याच्या कल्पनेतला नव्हता. नेवार्कमध्येच राहणाऱ्या हॅनिबल गुडविन या धर्मगुरूने १८८७ मध्ये नायट्रोसेल्युलोजच्या लवचीक फिल्मसाठी अर्ज केला. ईस्टमन कंपनीने १८८९ मध्ये तशी फिल्म बाजारात आणली. गुडविनला पेटंट मिळायला १८९८ उजाडलं, आणि त्याचे हक्क घेतलेल्या कंपनीने लावलेला दावा १९१४ मध्ये ईस्टमन कोडॅककडून ५० लाख डॉलर घेऊन मिटला. पेटंटाचं भांडण या पदार्थाची पाठ सोडत नव्हतं. कापराचंही राजकारण झालं. १८९५ मध्ये तैवान जपानकडे गेलं, १८९९ मध्ये जपानने तिथल्या कापरावर सरकारी मक्ता लावला आणि मग जपानचा स्वतःचा सेल्युलॉइड उद्योग वाढला. त्यातल्याच एका कंपनीच्या फिल्म विभागातून १९३४ मध्ये फुजीफिल्म निघाली.

ही फिल्म मुंबईत पोचली तेव्हा दादासाहेब फाळके यांच्या घरी तिला भोकं पाडायचं काम होतं. परदेशातून येणाऱ्या कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रं नसत. १९१२ मध्ये फाळक्यांनी लंडनहून कॅमेऱ्याबरोबर छिद्रं पाडायचं यंत्रही आणलं. सरस्वतीबाई फाळके ते काम शिकल्या, अंधारात बसून छिद्रं पाडत, पुढे फिल्म धुण्याचंही काम करत. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला गेला तो या पदार्थाच्या पट्टीवर.

त्याच पट्टीत त्याच्या नाशाचं कारणही होतं. नायट्रेट फिल्म हवेतल्या उष्णतेने आणि दमटपणाने हळूहळू विघटित होते. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात, ती उरलेल्या फिल्मला आणखी वेगाने खातात. रीळ आधी पिवळं पडतं, मग चिकट होतं, शेवटी तपकिरी भुकटी. पेटली तर विझवणं जवळपास अशक्य, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन रेणूतच आहे आणि ती पाण्याखालीही जळते. आपल्या मुंबई-कोल्हापूरच्या हवेला हा पदार्थ साफ न मानवणारा होता. फाळक्यांच्या चित्रपटांचे आज तुकडेच उरलेत. भारतातल्या मूकपटांपैकी फारच थोडे वाचले. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं तोवर बरंच काही गेलं होतं, आणि जे गोळा झालं त्यातला नायट्रेट फिल्मांचा मोठा साठा जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या आगीत जळाला. नायट्रेट फिल्मचं उत्पादन १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच जगभर थांबत आलं होतं. सहज न पेटणाऱ्या सेल्युलोज अॅसिटेटच्या फिल्मवर वेळेत प्रती काढून ठेवणं हा एकच उपाय होता, आणि तो जिथे झाला तिथलेच चित्रपट आज पाहता येतात.

रोजच्या वापरातून सेल्युलॉइड त्याच्याही आधी बाजूला पडू लागलं होतं. फण्या, बाहुल्या, चष्म्यांच्या चौकटी यांत अॅसिटेट आणि मग पेट्रोलियमपासूनची प्लास्टिकं आली. टेबल टेनिसचा चेंडू सगळ्यात शेवटपर्यंत सेल्युलॉइडचा राहिला. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने दुसऱ्या प्लास्टिकच्या चेंडूकडे वळायला सुरुवात केली. आता फाउंटन पेनची नळकांडी आणि गिटार वाजवायच्या पट्ट्या बनवणारे थोडे कारागीर ते वापरतात, आणि चांगल्या पेनासाठी त्याची कांडी अजूनही महिनोन्‌महिने वाळत ठेवतात.